तिकट्या, वेशी आणि बुजलेली तळी

कोल्हापुरात कुणालाही रस्ता विचारा, उत्तरात तिकटी येणारच. "पापाच्या तिकटीवरनं सरळ जावा की," नाहीतर "मिरजकर तिकटीला उतरा, तिथनं हाकेच्या अंतरावर." तीन रस्ते मिळतात ती तिकटी. तिकटी झाली की वेस येते: गंगावेश, रविवार वेस, वरुणतीर्थ वेस. मग एखादं तीर्थ, मग एखादी तालीम. पाहुणा वेस शोधत राहतो आणि त्याला दिसतो तो रिक्षा थांबा. जिथं तीर्थ असायला हवं तिथं भाजी मंडई असते. सांगणारा मात्र चुकीचं सांगत नसतो. तट पाडला, वेशी गेल्या, तळी बुजवली, तरी कोल्हापूरकरांच्या बोलण्यात जुनं शहर जागच्या जागी उभं आहे.

म्हणून हे शहर बघायचं तर ही नावं कानात ठेवून, पायी बघावं. अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा, रंकाळा आणि रात्री तांबडा-पांढरा, असा एका दिवसाचा बेत बहुतेक जण गाडीतून करतात. त्यात दर्शन घडतं, जेवणही होतं, पण शहर राहून जातं. पन्हाळा आणि जोतिबा प्रत्येकी वीसेक किलोमीटरवर आहेत. रांगा, घाट आणि गाडी लावायला जागा शोधणं यात अर्धा दिवस जातो. जुन्या कोल्हापुराला एक अख्खा दिवस द्यावा आणि डोंगरावरच्या दोन ठिकाणांना दुसरा. दिवस निवडतानाही थोडा विचार करावा. मंगळवारी आणि शुक्रवारी अंबाबाईच्या देवळात गर्दी असते, रविवार जोतिबाचा, आणि टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय सोमवारी बंद असतं. उरले बुधवार, गुरुवार आणि शनिवार. त्यातले बुधवार-गुरुवार सगळ्यात मोकळे.

सुरुवात देवळापासून करू नये. ती नदीपासून करावी, कारण गावाची सुरुवात तिथं झाली. जुन्या माहितीत कोल्हापूर सहा खेड्यांचं सांगितलं जातं: ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा, रंकाळा, पद्माळा आणि रावणेश्वर. यातल्या रंकाळा, पद्माळा आणि रावणेश्वर या तिघांच्या नावावर तळी होती. ब्रह्मपुरी तर पंचगंगेच्या काठावरचं उंचवट्याचं टेकाड. पाणी जवळ हवं आणि पुरात घर वाचायला हवं, या दोन्ही गरजा त्या टेकाडावर भागत होत्या.

पंचगंगा घाटावर उजाडताना पोचावं. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या, आणि पाचवी गुप्त मानलेली सरस्वती, मिळून प्रयाग चिखलीजवळ पंचगंगा होते आणि मग शहराला वळसा घालून पुढं नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. घाटावरच्या दगडी दीपमाळा आणि लहान लहान देवळं हिवाळ्यात-उन्हाळ्यात पूर्ण दिसतात, जुलैत त्यांची फक्त टोकं. पावसाळ्यात कोल्हापूरकर नदीची उंची फुटांत सांगतात, आणि ते आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात: राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. पेठांतली माणसं दुसरी मोजपट्टीही वापरतात, "पाणी गायकवाड वाड्यापर्यंत आलं", "जामदार क्लबला लागलं". २०१९ आणि २०२१ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि या दोन्ही मोजपट्ट्या तोकड्या पडल्या. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत बाहेरगावच्या माणसानं बेत आखताना हे आकडे रोज बघावेत. धोक्याच्या पातळीच्या पुढं पाणी गेलं की आधी बंधारे, मग गावोगावचे रस्ते बंद होतात, आणि मोठ्या पुरात शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गही.

बंधारा हा शब्द इथं नीट समजून घेण्यासारखा आहे. पात्रात ठरावीक अंतरावर दगडी खांब उभे करायचे, खांबांना खाचा ठेवायच्या आणि पावसाळा सरला की त्या खाचांत बरगे, म्हणजे फळ्या, एकावर एक सरकवून पाणी अडवायचं. पुढच्या पावसाळ्याआधी बरगे काढून घ्यायचे, म्हणजे पुराचं पाणी आणि गाळ दोन्ही अडत नाहीत. महाराष्ट्रभर याला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात. बरगे वेळेवर काढले नाहीत तर पहिल्याच पुरात ओंडके आणि जलपर्णी अडकून पाणी बाजूच्या शेतात घुसतं, आणि घालायला उशीर झाला तर अडवायला पाणीच उरत नाही. एवढी साधी आणि एवढी वेळेची बांधलेली गोष्ट. घाटावरून उगवतीच्या उजेडात हे खांब दिसले तर जरा थांबून बघावेत.

घाटाच्या वर ब्रह्मपुरी. आज तिथं घरं आहेत आणि वाटेनं जाणाऱ्याला काही वेगळं जाणवत नाही. पण १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजनं इथं उत्खनन केलं तेव्हा सातवाहन काळातली विटांची घरं सापडली. त्याच टेकाडावर मिळालेल्या काशाच्या वस्तूंत समुद्रदेव पोसायडनची तळहाताएवढी मूर्ती आहे, रोमन आरसा आहे, स्वारांसकट हत्ती आहे. समुद्रापासून सह्याद्रीची अख्खी रांग ओलांडून आत असलेल्या या गावात भूमध्य समुद्राच्या काठचा देव कसा आला, याचं उत्तर घाटवाटांत आहे. कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल घाट चढून पंचगंगेच्या खोऱ्यात येत होता. ती मूर्ती दुपारी टाऊन हॉलमध्ये बघायची आहे, पण तिची जागा आधी बघितलेली असावी.

घाटावरून वर चढून आलं की गंगावेश, म्हणजे गंगेच्या वाटेवरची वेस. इथला दूधकट्टा हे कोल्हापूरचं खास ठिकाण आहे. म्हशी कट्ट्याला बांधलेल्या असतात, समोर धार काढतात आणि फेसाळतं दूध तिथंच पेल्यात देतात. तालमीत व्यायाम करून आलेली पोरं ते उभ्या उभ्या पितात. ज्यांना न तापवलेल्या दुधाची सवय नाही त्यांनी मोह आवरावा, प्रवासात पोट बिघडण्याचं ते हमखास कारण ठरतं. मात्र बघायला जरूर थांबावं. गंगावेश तालीमही इथलीच.

गंगावेशीतून पापाची तिकटी, तिथून महाद्वार रोड, पुढं बिनखांबी गणेश मंदिर आणि मिरजकर तिकटी. ही सगळी वाट सलग चालली तर अर्धा तास पुरतो, बघत चाललं तर सकाळ जाते. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीची ही परंपरेची वाट, फक्त उलट्या दिशेनं: मिरवणूक मिरजकर तिकटीकडून नदीकडं उतरते, आपण नदीकडून चढतोय. अलीकडं मूर्ती नदीऐवजी इराणी खणीत विसर्जित होतात. ती दगडाची जुनी खाण, पाण्यानं भरलेली. दगड काढायचा, खड्ड्यात पाणी साठवायचं आणि त्या पाण्याला तीर्थाचा मान द्यायचा, हे या गावानं फार पूर्वीपासून केलं आहे. रंकाळ्याजवळ पोचल्यावर ते पुन्हा दिसेल.

महाद्वार रोडवर कपिलतीर्थ आहे. नाव तीर्थाचं, जागा मंडईची. तळं बुजवून मंडई झाली, पण कपिलेश्वराचं देऊळ मंडईच्या मधोमध राहिलं आणि कपिलेश्वर हाच कोल्हापूरचा ग्रामदैवत. अंबाबाईच्या दर्शनाला येणारे लाखो लोक या देवळाला पाठ करून जातात. मेथीच्या जुड्या आणि मिरच्यांचे ढीग ओलांडून आत गेलं की भोवतालच्या जमिनीची पातळी बघावी. पाणी कुठवर होतं याचा अंदाज येतो.

आता अंबाबाई. कोल्हापूरकर महालक्ष्मी क्वचितच म्हणतात. पश्चिमेकडचं महाद्वार, उत्तरेचा घाटी दरवाजा, शिवाय पूर्व आणि दक्षिण दरवाजे, असं चारी बाजूंनी मोकळं आवार. गर्दीच्या दिवशी गाभाऱ्यापर्यंतची रांग दोन-तीन तासांची होते. ज्यांच्याकडं तेवढा वेळ नाही किंवा सोबत वडीलधारी माणसं आहेत, त्यांनी मुखदर्शनाच्या रांगेत लागावं. देवी लांबून पण समोरून दिसते आणि काम लवकर होतं. दर्शन झालं की बहुतेक जण लगेच बाहेर पडतात, आणि तिथंच चूक होते. देवळाला बाहेरून पूर्ण वेढा घालावा. चुन्याशिवाय एकावर एक बसवलेले काळे दगड, कोनांनी तुटत गेलेली भिंत आणि त्या कोनांवर कोरलेल्या चौसष्ट योगिनी आणि वादक स्त्रिया इथंच आहेत. वरची शिखरं खूप नंतरची. भिंत आणि शिखर यांची घडण वेगळी आहे हे दुरून बघितलं की कळतं. आत तीन गाभारे आहेत: मधे महालक्ष्मी, दोन्ही बाजूंना महाकाली आणि महासरस्वती. महालक्ष्मीच्या गाभाऱ्याच्या वर मातुलिंगाचं देऊळ. मूर्तीच्या हातात म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र आहे, मागं सिंह आणि मस्तकावर नाग. साडी आणि दागिन्यांत यातलं फार थोडं दिसतं, म्हणून हे आधी ठाऊक असलेलं बरं. धामधुमीच्या काळात मूर्ती देवळाबाहेर सुरक्षित ठेवली होती आणि १७१५ साली विजयादशमीला ती पुन्हा स्थापन केली गेली.

घाटी दरवाजाजवळ मनकर्णिका कुंड. हेही बुजवलेलं होतं, वर बाग होती. अलीकडं खणून ते पुन्हा उघडं केलं आहे. बुजलेल्या तळ्यांच्या गावात एक कुंड परत मिळालं, हे मला या आवारातलं सगळ्यात मोलाचं दृश्य वाटतं.

किरणोत्सवाबद्दल थोडं सविस्तर, कारण त्यासाठी येणाऱ्यांची निराशाही होते. ९, १० आणि ११ नोव्हेंबर, पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी या दिवशी मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. वाट ठरलेली आहे: महाद्वार, गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा आणि मग देवीचे चरण. पहिल्या दिवशी पाय, दुसऱ्या दिवशी कंबर ते छाती, तिसऱ्या दिवशी मुख, असा क्रम. सूर्य जसजसा क्षितिजाकडं झुकतो तसतशी किरणं आडवी होत मूर्तीवर वर चढतात. वर्षातून दोनदाच का, याचं उत्तर पंचांगात आहे. २१-२२ डिसेंबरला सूर्य सगळ्यात दक्षिणेला मावळतो. त्याच्या सुमारे ४१ दिवस आधी आणि तेवढेच दिवस नंतर मावळतीची जागा एकच असते. जाताना नोव्हेंबरात आणि परतताना जानेवारीच्या अखेरीस सूर्य त्याच रेषेवरून जातो. ज्या कुणी हा अक्ष आखला त्यानं क्षितिजावरचा हा बिंदू वर्षानुवर्षं नजरेत ठेवला असणार. बिघडतं ते पुढच्या कारणांनी: क्षितिजावर ढग, हवेतली धूळ आणि बाष्प, आणि किरणांच्या वाटेत उभी राहिलेली बांधकामं. त्यामुळे कधी किरणं कंबरेपाशीच मंदावतात. एकाच दिवसासाठी येऊ नये, तिन्ही संध्याकाळी हाताशी ठेवाव्यात.

देवळाच्या मागं भवानी मंडप, जुन्या राजवाड्याचा भाग, आत तुळजाभवानीचं देऊळ आणि बाहेर दगडी नगारखाना. ताराबाईंनी १७१० मध्ये पन्हाळ्यावर करवीरची गादी उभी केली, १७३१ च्या वारणेच्या तहानं सातारा आणि कोल्हापूर यांच्या हद्दी ठरल्या, आणि पुढं राजधानी डोंगरावरून खाली कोल्हापुरात आली. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. एवढं मनात ठेवून नगारखान्याच्या कमानीखालून गेलं की पुरे.

जवळच गुजरी, सराफांची गल्ली. कोल्हापुरी साज घ्यायचा नसला तरी हातात घेऊन बघावा. त्यातल्या एकवीस पानांत दहा अवतारांची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक-पाचूची आणि एक डोरल्याचं. पानं पोकळ असतात आणि आत लाख भरलेली असते, त्यामुळे दागिना भरदार दिसतो पण सोनं कमी लागतं. घेणाऱ्यानं लाख वजा करून सोन्याचं वजन किती, हे आधीच विचारावं आणि पावतीवर लिहून घ्यावं. मोडीच्या वेळी तक्रार होते ती नेमकी याच ठिकाणी.

चपलेचंही तसंच. अस्सल कोल्हापुरीचं कातडं हिरडा आणि बाभळीच्या सालीत पकवलेलं असतं, शिवण कातड्याच्याच वादीची असते आणि तळात खिळा नसतो. तळ वाकवून बघावा, शिवणीत नायलॉनचा दोरा दिसला तर दुसरी जोडी मागावी. कापशी हा प्रकार कागल तालुक्यातल्या कापशी गावाच्या नावाचा. कातडं वापरानं सैल होतं, म्हणून पायाला किंचित घट्ट बसणारी जोडी घ्यावी, पहिले काही दिवस रोज तासभरच घालावी आणि कानाला, अंगठ्याला खोबरेल चोळत राहावं. पहिल्याच दिवशी पायात घालून पन्हाळा चढला तर अंगठ्याला फोड येणार हे नक्की. पावसात घालू नये. भिजलीच तर सावलीत वाळवावी. उन्हात ठेवली की तळ आकसून वाकडा होतो. याच चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

मिरजकर तिकटीजवळ खासबाग. शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले तेव्हा त्यांनी रोममधलं कलोसियम पाहिलं. परतल्यावर त्यांनी कुस्तीसाठी जे मैदान बांधून घेतलं ते १९१२ मध्ये पुरं झालं. जमीन वाडग्यासारखी खोल उतरत जाते आणि तळाशी हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा. सगळ्यात वर, शेवटच्या ओळीत बसलेल्या माणसालाही पैलवानाची पकड दिसते, पुढच्याचं डोकं आड येत नाही. एरवी मैदान रिकामं असतं तेव्हा सगळ्यात वरच्या पायरीवरून एकदा आणि खाली हौद्याजवळून एकदा बघावं, म्हणजे बांधणीतली करामत कळते. हौद्यातली लाल माती नुसती माती नसते. तिच्यात ताक, हळद, लिंबू, तेल आणि कापूर मुरवतात, अंग खरचटलं तरी जखम चिघळू नये आणि माती अंगाला मऊ लागावी म्हणून. तालमीत जायचं असेल तर पहाटे किंवा संध्याकाळी जावं, चपला बाहेर काढाव्यात, वस्तादांना विचारावं आणि हौद्यात पाय ठेवू नये. विचारणाऱ्याला नाही म्हटल्याचं फार क्वचित घडतं. या तालमींनी गावाला फुटबॉलही दिला. शाहू स्टेडियमवर पेठांचे संघ समोरासमोर येतात तेव्हा खेळाडू धावतात मैदानात आणि पेठा धावतात पायऱ्यांवर. ते स्टेडियमही रावणेश्वराच्या तळ्याच्या जागेवर.

खासबागेला पाठ लावून केशवराव भोसले नाट्यगृह उभं होतं. १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून ते सुरू झालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं, खासबागेकडचा मंचही त्यात गेला. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. ते पुन्हा बांधलं जात आहे. इथल्या नाटकवेड्यांच्या तोंडी त्या रात्रीचा विषय अजून निघतो आणि निघाला की आवाज खाली येतो. बाहेरून आलेल्या माणसानं त्या जागेसमोर दोन मिनिटं उभं राहावं.

बिंदू चौकात तटाचा तुकडा शिल्लक आहे. जुनं शहर कुठं संपत होतं ते डोळ्यांनी बघायचं तर इथं. याच चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी माधवराव बागल यांच्या पुढाकारानं महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे बसवले गेले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. तीस वर्षं आधी, मार्च १९२० मध्ये, याच संस्थानातल्या माणगावच्या परिषदेत शाहू महाराज त्यांच्याबरोबर व्यासपीठावर होते. राजानं १९०२ च्या जुलैत मागास समाजांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि ज्या पोरांना शहरात राहायला जागा मिळत नव्हती त्यांच्यासाठी जातीजातींची वसतिगृहं उभी केली. त्यातली काही दसरा चौकाच्या भोवती आजही आहेत. पर्यटकांच्या यादीत बोर्डिंगच्या इमारती नसतात. पण जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत पहिला शिकलेला माणूस या खोल्यांत राहून शिकला, आणि माझ्या मते कोल्हापूर बघितलं असं म्हणायला या इमारतींसमोरून चालत गेलेलं असावं लागतं.

तिथून टाऊन हॉल आणि सीपीआर रुग्णालय जवळ. टाऊन हॉल १८७२ ते ७६ मधला, मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्याचा. नवा राजवाडाही त्यांचाच, १८७७ मध्ये सुरू झालेला आणि १८८४ मध्ये पुरा झालेला. पुरा झालेला बघायला मँट राहिले नव्हते, १८८१ मध्ये त्यांचं निधन झालं. टाऊन हॉलमध्ये आधी ब्रह्मपुरीच्या कपाटाशी जावं आणि सकाळी पाहिलेलं टेकाड आठवून तो पोसायडन बघावा. नंतर चित्रांचं दालन, आबालाल रहिमान यांच्या चित्रांसाठी. नवा राजवाडा तिथून पुढं कसबा बावड्याच्या वाटेवर. दुपारच्या उन्हात पायी जाऊ नये, रिक्षा करावी. काळ्या घडीव दगडाची भिंत, मधे घड्याळाचा मनोरा, दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग. आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे घाई न करता बघणं होतं.

जेवणाचं. मिसळ सकाळची, नामांकित ठिकाणी दुपारपर्यंत संपते. सोबत स्लाइस पाव असतो, आणि कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, वेगळा मागून आधी थोडाच घालावा. मटणाच्या ताटात तांबडा आणि पांढरा हे दोन्ही रस्से एकाच अळणी पाण्यावरचे, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यावरचे. पांढऱ्यात नारळाचं दूध, तीळ, खसखस. तांबड्यात कांदा-लसूण चटणी. इथं चटणी म्हणजे तिखटाचा मसाला, ताटातली ओली चटणी नव्हे, हे घोळ टाळायला ठाऊक असावं. आधी पांढरा प्यावा, मग तांबडा. चांगला तांबडा लाल दिसतो पण जीभ भाजत नाही, त्यात खोबऱ्याचा गोडवा असतो. नुसताच जाळणारा, वर रंगाचा तवंग असलेला रस्सा मिळाला तर तो कोल्हापूरच्या घरातला नव्हे.

चारनंतर रंकाळा. वाटेत शिवाजी पेठेतलं गांधी मैदान लागतं. हेच वरुणतीर्थ. जोराचा पाऊस झाला की मैदानात पाणी साठतं आणि सामने थांबतात, कारण खोलगट जागा तळ्याचीच आहे आणि आजूबाजूचं पाणी उतारानं जुन्या सवयीनं तिथंच येतं.

रंकाळा ही मुळात दगडाची खाण. अंबाबाईच्या देवळाचा दगड इथला, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, आणि सकाळी पाहिलेल्या भिंतीचा काळा रंग आठवला की ते पटतं. तलावाचा घेर साडेचार किलोमीटरच्या आसपास. पूर्ण फेरी मारायला तास-सव्वा तास धरावा. रंकाळा टॉवर, पद्माराजे उद्यान, चौपाटी या पूर्वेकडच्या बाजूला गर्दी आणि भेळ; पश्चिमेला १९३१-३४ मधला शालिनी पॅलेस आणि शांतता. उन्हाळ्यात पाणी उतरलं की संध्यामठाच्या दगडी कमानी उघड्या पडतात. पावसाळ्यात त्याच मठाचं फक्त छत दिसतं. काठावरच्या देवळातल्या नंदीची गोष्ट इथं प्रत्येक आजी सांगते: तो रोज गहूभर पुढं सरकतो आणि तांदूळभर मागं येतो, आणि ज्या दिवशी रंकाळ्याच्या पाण्यापाशी पोचेल त्या दिवशी प्रलय होईल.

दुसऱ्या दिवशी पन्हाळा-जोतिबा. जोतिबाला आधी जावं, ऊन चढायच्या आत. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या नावानं नाचवल्या जाणाऱ्या उंच काठ्या, बघायच्या असतील तर गुलालात माखायची तयारी ठेवून, जुने कपडे घालून, मुक्कामाची सोय आधी करून. पन्हाळ्यावर तीन दरवाजा, अंबरखाना, अंधारबाव, सज्जा कोठी आणि पुसाटी बुरूज हा क्रम सोयीचा. शिलाहार भोज दुसरा याच्या वेळचा हा गड. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज विशाळगडाकडं निघाले ते पुसाटी बुरुजाच्या अंगानं असलेल्या डोंगराच्या दिशेला बघून समजून घ्यावं. २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठा लष्करी स्थळांत पन्हाळ्याचा समावेश केला, तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी वर गाड्यांची कोंडी होते.

तिसरा दिवस असेल तर राधानगरी. भोगावतीवरचं हे धरण शाहू महाराजांनी हाती घेतलं, त्यांच्या हयातीत ते पुरं झालं नाही. त्याचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. वीज नाही, चावी फिरवणारा माणूस नाही. पाणी ठरलेल्या उंचीला आलं की पाण्याच्याच दाबानं आणि वजनाच्या तोलानं दरवाजा उघडतो आणि पातळी उतरली की मिटतो. एका दरवाज्यातून सेकंदाला १,४२८ घनफूट पाणी सुटतं. ते भोगावतीतून पंचगंगेत येतं. जुलैतल्या रात्री "तिसरा दरवाजा उघडला" असा निरोप फिरला की गंगावेशीतले दुकानदार खालच्या फळीवरचा माल वरच्या फळीवर चढवायला लागतात.